वॅट वाढवायचे की आवाज?

आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला कयाधू नदीच्या काठी मराठवाड्यातून आणि विदर्भातून भाविक लोटतात. संत नामदेवांचं हे जन्मगाव, आणि परंपरेनं जन्मवर्ष 1270. ज्यांनी कीर्तन पंजाबपर्यंत नेलं, ज्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांच्याजवळ आवाज पोहोचवायला गळा आणि टाळ-वीणा एवढंच होतं. श्रोते मात्र जवळ येऊन बसत, आणि ध्वनीच्या हिशेबात ही काही लहान सोय नव्हे. आज कुठल्याही यात्रेत मंडपातल्या शेवटच्या रांगेला शब्द कळला नाही, की एकच निदान होतं: मशीन लहान पडतंय, मोठं आणा. घरी हौसेनं किट आणून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडणाऱ्याचंही निदान हेच असतं. 5 वॅटचा संच वाजू लागला, नवलाई ओसरली, की हात सोल्डरिंगकडे वळतो आणि प्रश्न पडतो, यातून 10 वॅट कसे काढता येतील? मंडप असो की घर, हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. किटमध्ये फेरफार करून वॅट वाढवणं हा आवाज वाढवण्याचा सगळ्यात महाग, सगळ्यात धोक्याचा आणि सगळ्यात कमी फळ देणारा मार्ग आहे.

आधी किटच्या पोटात काय चालतं ते पाहू. नवशिक्यांच्या किटमध्ये शेवटच्या टप्प्याला बहुधा एकच पॉवर व्हॉल्व्ह असतो, ईएल84 किंवा 6व्ही6. असा एकटा व्हॉल्व्ह ‘क्लास ए’ पद्धतीनं चालतो, म्हणजे गाणं वाजो न वाजो, त्यातून प्रवाह सतत वाहत राहतो. ईएल84 च्या माहितीपत्रकात प्लेटवर 250 व्होल्ट आणि 48 मिलिअँपिअर दिलेले आहेत. गुणाकार केला तर 12 वॅट येतात, आणि त्या व्हॉल्व्हची प्लेट जास्तीत जास्त तेवढीच उष्णता सोसू शकते. क्लास ए मध्ये या 12 वॅटांपैकी कागदोपत्री फार तर निम्मे वॅट आवाजाच्या कामी येतात. माहितीपत्रकातला आकडाही 5.7 वॅट आहे, तोही 10 टक्के विकृती मान्य करून. आता कोणी म्हणेल, व्होल्टेज 250 चं 300 करू. करता येईल, पण मग उष्णतेची मर्यादा पाळायची तर प्रवाह 40 मिलिअँपिअरवर आणावा लागेल. गुणाकार पुन्हा 12, निम्मे पुन्हा 6. शिवाय व्होल्टेज भागिले प्रवाह हे गुणोत्तर 5,200 ओहमच्या आसपास होतं ते 7,500 वर जातं, त्यामुळे किटबरोबर आलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही आता व्हॉल्व्हला जुळत नाही. एकट्या व्हॉल्व्हची शक्ती व्होल्टेजनं ठरत नाही, प्लेटच्या उष्णता सोसण्यानं ठरते. प्रवाह कमी न करता नुसतं व्होल्टेज चढवलं तर थोडी शक्ती वाढेल खरी, पण प्लेट 12 ऐवजी 14-15 वॅट सोसत लालसर होईल आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्यानं सरेल.

तरीही व्होल्टेज चढवण्याचा मोह सुटत नाही, कारण तो एक सोपी वाट दाखवतो: एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून त्या जागी दोन सिलिकॉन डायोड लावायचे. रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये बरंच व्होल्टेज वाया जातं, डायोडमध्ये जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून पुरवठा आपोआप वर सरकतो. यातला घात दोन जागी आहे. बऱ्याच रेक्टिफायर व्हॉल्व्हना तापायला वेळ लागतो आणि तोवर बाकीचे व्हॉल्व्हही तापलेले असतात. डायोड मात्र बटण दाबताक्षणी पूर्ण व्होल्टेज सोडतात, आणि ते पिणारा एकही व्हॉल्व्ह तेव्हा जागा झालेला नसतो. 300-0-300 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर हे बिनभाराचं व्होल्टेज 424 भरतं. आता त्यात आपल्याकडची लाइन मिळवा. दिवसा शेतातले पंप सुरू असताना गावात दिवे मंदावतात आणि रात्री भार उतरला की व्होल्टेज चढतं, हे कुणालाही सांगायला नको. 230 व्होल्टवर नुसती 6 टक्के चढ धरली तरी 424 चे 450 होतात, आणि किटमधल्या फिल्टर कपॅसिटरवर नेमकी 450 व्होल्टचीच मर्यादा छापलेली असते. कपॅसिटर फुटला तर नुकसान पैशाचं. पण तो न फुटता भरलेला राहिला तर धोका हाताला आहे. 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 400 व्होल्टला सुमारे पावणेचार ज्यूल ऊर्जा धरून असतो, वायर भिंतीतून काढल्यावरसुद्धा. ही ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून व्होल्टेज थोडं वाढवलं की धोका त्याहून जास्त पटीनं वाढतो. कपॅसिटरला समांतर एक ब्लीडर रेझिस्टर कायमचा जोडून ठेवणं, आणि चासीत बोट घालण्याआधी मीटर लावून व्होल्टेज खरंच उतरलं का ते पाहणं, याला पर्याय नाही.

दुसरी वाट व्हॉल्व्हच बदलण्याची. 6व्ही6 चा आठ पायांचा सॉकेट आणि ईएल34 चा सॉकेट एकच, त्यामुळे काढा आणि बसवा, असा समज होतो. ईएल34 ची प्लेट 25 वॅट सोसते, एकट्यानं 11 वॅट देते, म्हणजे 6व्ही6 च्या साडेचार वॅटांच्या दुपटीहून जास्त. पण 6व्ही6 च्या हीटरला 0.45 अँपिअर लागतात, ईएल34 ला दीड. 6व्ही6 च्या प्लेटमधून 45 मिलिअँपिअर वाहतात, ईएल34 ला 100 हवेत. ईएल34 चा पहिला पाय म्हणजे आतली एक जाळी, तो कॅथोडला जोडावा लागतो, आणि 6व्ही6 च्या वायरिंगमध्ये तो बहुधा मोकळाच असतो. हे सगळं सुधारता येतं. जे सुधारत नाही ते दोन्ही ट्रान्सफॉर्मर. पॉवर ट्रान्सफॉर्मर जास्तीचा हीटर प्रवाह देता देता तापतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून दुपटीहून अधिक डीसी प्रवाह गेला की गाभ्याचं लोखंड चुंबकत्वानं आधीच भरून जातं, आवाजासाठी त्यात जागाच उरत नाही. विहिरीवर 5 ऐवजी 10 हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि पाइप दीड इंचाचाच ठेवला, तर पाणी दुप्पट येत नाही, तसाच हा प्रकार. गाभ्याच्या या मर्यादेचा पहिला बळी खालचे स्वर असतात. शक्ती दुप्पट करायची तर ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज 1.41 पट होतं, आणि तोच गाभा जो स्वर आधी 50 हर्ट्झपर्यंत नीट नेत होता, तो आता 70 हर्ट्झलाच कोंडू लागतो. म्हणजे पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा पूर्वीपेक्षा मोठा व्हायचा तो बोदा होतो. किटचा सगळ्यात महाग भाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि किट विकणारा तो गरजेपेक्षा मोठा देत नाही.

समजा हे सगळं कोणी नीट निभावलं. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, पुरवठा वाढवला, 5 चे 10 वॅट झाले. कानाला काय मिळालं? 3 डेसिबल. कानाची गंमत अशी की त्याला वॅटांची बेरीज कळत नाही, पट कळते. आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. 5 वॅटचा संच दुप्पट मोठा ऐकू यायला 50 वॅट हवेत. 5 चे 10 झाल्यावर जो फरक पडतो तो दोन संच शेजारी ठेवून लगोलग ऐकले तरच ठळकपणे लक्षात येईल, एरवी दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर नक्की सांगता येणार नाही. हाच 3 डेसिबलचा फरक स्पीकर बदलून मिळवायचा असेल तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावी लागत नाही.

इथे स्पीकरची संवेदनशीलता हा आकडा महत्त्वाचा, आणि खरेदी करताना तोच सगळ्यात कमी विचारला जातो. 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल, असं त्याचं माप. घरात टेबलावर ठेवायच्या छोट्या हायफाय पेटीचं ते 86 ते 88 असतं. खांबावर बांधतात तो कर्णा, त्याचं 105 ते 110. या दोघांत 20 डेसिबलचा फरक धरा, तो शक्तीच्या भाषेत 100 पट होतो. आता नरसीसारख्या यात्रेतला एक मंडप डोळ्यांपुढे आणू, शेवटची रांग स्पीकरपासून 32 मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. 1 मीटरवरून 32 मीटरवर जाताना पाच वेळा दुप्पट होतं, म्हणजे 30 डेसिबल गेले. एका माणसाचं साधं बोलणं हातभर अंतरावर 60 डेसिबलच्या आसपास असतं. गर्दीच्या कुजबुजीवर ताण न देता ऐकू यावं म्हणून शेवटच्या रांगेला आपण 75 देऊ. त्यासाठी स्पीकरजवळ 105 हवेत. 106 डेसिबलच्या कर्ण्याला यासाठी 1 वॅटही लागत नाही. 88 डेसिबलच्या पेटीला 50 लागतात. कीर्तनकारांनी चढ्या सुरात अभंग उचलला, त्या क्षणासाठी आणखी 10 डेसिबल राखून ठेवायचे म्हटले तर कर्ण्याला 8 वॅट, पेटीला 500. ईएल84 चा बिचारा 5.7 वॅटचा संच कर्ण्यावर या शिखरालाही फक्त दीड डेसिबलनं कमी पडतो, आणि कर्णा मंडपाच्या मध्यावरच्या खांबाला बांधून अंतर 16 मीटरवर आणलं तर 6 डेसिबल फुकट मिळून उलट साडेचार डेसिबल शिल्लक राहतात. व्हॉल्व्हच्या जमान्यात मैदानी सभा काही दहा-वीस-तीस वॅटांच्या मशीनवर का निभावल्या याचं उत्तर इथं आहे. तेव्हाच्या मशीनमध्ये काही जादू नव्हती. कर्ण्यात होती.

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की कर्णा कर्कश असतो. खरं आहे. साधारण 300 हर्ट्झच्या खालचं त्यातून फारसं येत नाही, त्यामुळे शब्द स्वच्छ कळतो आणि पखवाज टिनाचा डबा वाटतो. म्हणूनच घरातल्या भजनाला कर्णा कोणी लावणार नाही. पण तिथे खोली दहा-बारा फुटांची आहे, अंतर 2-3 मीटरचं. 92 ते 95 डेसिबलचा मोठ्या शंकूचा जुन्या धर्तीचा स्पीकर उघड्या पाठीच्या पेटीत घातला तर 88 च्या तुलनेत 4 ते 7 डेसिबल पदरात पडतात, म्हणजे अडीच ते पाचपट वॅटांचं काम होतं, आणि पखवाजही पखवाज राहतो. संवेदनशील स्पीकर आकारानं मोठा असतो, हे त्याचं मोल. ते मोल खोलीत जागा करून द्यावं लागतं, ट्रान्सफॉर्मर जाळून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: वॅट मोठ्या आवाजासाठी लागत नाहीत, शिखरं न चिरता जाण्यासाठी लागतात. संगीतात सरासरीपेक्षा 10 डेसिबलहून वर उड्या असतात, त्या कापल्या गेल्या की आवाज खरखरतो आणि ऐकणाऱ्याला थकवतो. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि वरचा हिशेब शिखरं धरूनच केला आहे. पण शिखरासाठी राखीव जागा हवी, ही गरज फेरफाराच्या बाजूनं बोलत नाही. दुप्पट वॅटांनी राखीव जागा 3 डेसिबलनंच वाढते, आणि गाभा कोंडत असेल तर खालच्या स्वरांत तीही उरत नाही. तिसरा आक्षेप मंडपातल्या अनुभवाचा: आवाज वाढवला की माईक शिट्टी मारतो, म्हणून मोठं मशीन लागतं. इथे कारण आणि परिणाम उलटे बांधले आहेत. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून फेरा पुरा झाला की शिट्टी वाजते, त्याला मशीनच्या शक्तीशी कर्तव्य नाही. 500 वॅटचं मशीनही त्याच पातळीला शिट्टी मारेल. उपाय माईक तोंडाजवळ आणण्याचा, आणि कर्णा माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावण्याचा.

आणि कायदाही एक मर्यादा घालतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55, म्हणजे हद्दीवर 65. एरवी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. मंडपाच्या शेवटी 75 आणि गावाच्या पहिल्या घराशी 65, हे दोन्ही साधायचं तर एका टोकाला महाकाय मशीन ठेवून चालत नाही. लहान शक्तीचे चार-सहा कॉलम स्पीकर श्रोत्यांजवळ, खाली तोंड करून लावावे लागतात. ते एकमेकांपासून फार लांब ठेवू नयेत, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, आणि दोन आवाजांच्या वाटेत 17 मीटरचा फरक पडला की दुसरा आवाज पन्नास हजारांश सेकंद मागे राहून प्रतिध्वनीसारखा टोचू लागतो. औंढा नागनाथला नामदेवांना देवळामागे कीर्तन करायला लावलं आणि देऊळच फिरलं, अशी कथा आहे. ज्यांच्यासाठी देऊळ फिरत नाही त्यांना स्पीकर फिरवावे लागतात.

मग किटमध्ये हात घालूच नये का? घालावा, पण आधी मोजून. 8 ओहमच्या टोकांना स्पीकरऐवजी 8 ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर जोडा, 1,000 हर्ट्झचा सूर द्या, आणि सूर बिघडू लागण्याच्या अगदी आधी एसी मीटरवर किती व्होल्ट येतात ते पाहा. 6.3 व्होल्ट आले तर वर्ग करून 8 नं भागा: 5 वॅट. किट आपलं वचन पाळतंय. मग त्याच टोकांना स्पीकर लावून नेहमीच्या पातळीला भजन लावा आणि मीटर पाहा. काटा 1 व्होल्टच्या आसपास असेल तर सरासरी शक्ती आहे एक अष्टमांश वॅट. पुष्कळदा असंही दिसतं की आवाजाची कळ पूर्ण फिरवूनही संच आपल्या 5 वॅटांपर्यंत पोहोचतच नाही, कारण माईकमधून येणारे एक-दोन मिलिव्होल्ट त्याला अपुरे आहेत. तिथे शक्तीची नव्हे, आधीच्या टप्प्याच्या वाढीची उणीव असते, आणि एक लहानसा प्रीॲम्प ती भरून काढतो. स्पीकर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या चुकीच्या टॅपवर जोडलेला असणं, हे दुसरं साधं कारण. खऱ्या अर्थानं शक्ती वाढवणारा आणि तरी ट्रान्सफॉर्मरला न दुखावणारा एकच बदल मला ठाऊक आहे, आणि तो काही किटनाच लागू पडतो: ईएल84 ट्रायोड पद्धतीनं, म्हणजे स्क्रीन प्लेटला बांधून, जोडलेला असेल तर त्यातून जेमतेम 2 वॅट निघतात. स्क्रीन सोडवून पेंटोड पद्धतीनं जोडला की पावणेसहाच्या जवळ, म्हणजे साडेचार डेसिबल जास्त. मात्र विकृती वाढते आणि स्पीकरवरचा ताबा सैल होतो, म्हणून थोडा निगेटिव्ह फीडबॅक द्यावा लागतो. ज्यांनी ट्रायोडच्या गोडव्यासाठीच ते किट घेतलं त्यांनी हा बदल करण्यात अर्थ नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात सरळ आहे: आज ट्रान्झिस्टरचं 100 वॅटचं मशीन सहज मिळत असताना व्हॉल्व्हच्या 5 वॅटांचा एवढा ऊहापोह कशाला? मंडपासाठी व्हॉल्व्ह कोणी घेऊ नये, हे मी बेधडक सांगेन. भारतात 1960 च्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कारखान्यांत व्हॉल्व्ह बनत. आता नवे व्हॉल्व्ह रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून येतात आणि स्वस्त नाहीत. पण घरातल्या किटचं मोल आवाजाच्या मापात नाहीच. त्यात प्रत्येक भाग सुटा दिसतो, प्रत्येक प्रवाह मीटरवर वाचता येतो, आणि एक आकडा ओढला की दुसरा कुठे ताणला जातो ते उमगतं. ज्याला एवढं समजल्यावरही जास्त वॅट हवेत, त्यानं जुन्या चासीवर नवे व्हॉल्व्ह कोंबू नयेत. पुश-पुल पद्धतीचा वेगळा संच बांधावा. मुल्लार्ड कंपनीनं 1950 च्या दशकात ‘फाइव्ह-टेन’ नावाचा आराखडा घरगुती बांधणीसाठी प्रसिद्ध केला होता, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. त्यात शेवटी ईएल84 ची जोडी आहे आणि तिच्या मापाचा 8,000 ओहमचा पुश-पुल ट्रान्सफॉर्मर लागतो. ऑर्डर द्यायची असेल तर पहिली त्या ट्रान्सफॉर्मरची द्यावी, व्हॉल्व्हची नंतर. आणि 5 वॅटच्या पहिल्या किटला चांगला 95 डेसिबलचा स्पीकर जोडून ते आहे तसंच वाजू द्यावं.